कॉन्टेसाचे काम कोठून सुरू करावे: धुळ्यातील एका गॅरेजचा अनुभव

माझ्या वडिलांनी १९९४ साली घेतलेली कॉन्टेसा क्लासिक त्यांच्या पश्चात अमळनेरच्या आमच्या जुन्या कापसाच्या गोदामात नऊ वर्षे उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची आणि आणतानाच आजच्या वाहतुकीत निर्धास्तपणे चालवता येईल अशी करायची, असे मी ठरवले. पण काम नेमके कोठून सुरू करावे हे मला ठरवता येईना, आणि जे पहिले ठरवले ते चुकले. शेवटी धुळ्यात पारोळा रोडला असलेल्या एका गॅरेजमध्ये मला या प्रश्नाचे उत्तर मिळाले. त्या गॅरेजने केलेल्या दुरुस्तीपेक्षाही, दुरुस्तीआधी गाडी तपासून त्यांनी कामाचा जो क्रम लावून दिला, त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा १९८४ साली बाजारात आणली आणि २००२ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबवले. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सॉल व्हिक्टर या गाडीचा होता. लांब बॉनेट, सपाट बूट, रुंद बैठक आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे आपल्याकडे तिला भारतीय मसल कार (म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाची दणकट गाडी) म्हणण्याची पद्धत पडली, जरी सुरुवातीच्या गाड्यांमध्ये अँबॅसेडरचेच दीड लिटरचे, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे इंजिन होते. नंतर आलेल्या इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाने आणि पाच गिअरच्या गिअरबॉक्सने तिची ही उणीव बरीचशी भरून काढली. आमची गाडी या दुसऱ्या प्रकारातली आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर वडील ती चालवत तेव्हा मागच्या सीटवर झोप लागत असे, एवढी ती स्थिर चालायची.

माझी चूक अशी झाली की मी दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात केली. आधी ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली होती तेथे बॅटरी बदलून, कार्बोरेटर साफ करून इंजिन दोन तासांत सुरू करून दाखवले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. त्या आनंदात मी रंगकाम, सीटची कव्हरे आणि नवी म्युझिक सिस्टीम यांवर एक लाखाहून अधिक रक्कम खर्च केली. पुढचा सल्ला इंजिन बदलून एखाद्या आधुनिक जीपचे डिझेल इंजिन बसवण्याचा होता आणि मी त्यालाही जवळजवळ तयार झाले होते. त्याच महिन्यात छत्रपती संभाजीनगरहून परतताना कन्नडचा घाट उतरत असताना, चाळीसगावच्या बाजूच्या वळणांवर ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ झाले आणि तळाला जाऊन टेकले. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत मी गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीला लावली. अर्ध्या तासाने पेडल आपोआप पूर्ववत झाले, हे मला अधिकच भयावह वाटले, कारण बिघाड कोठे आहे हे कोणालाच दाखवता आले नसते. गाडीत माझी आई होती.

या प्रसंगानंतर एका नातेवाइकाने मला धुळ्याच्या या गॅरेजचे नाव सुचवले. गॅरेजला मोठी पाटी नाही, बाहेर ट्रॅक्टर आणि पिकअप उभे असतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणारा माणूस पुढे निघून जातो. गॅरेजचे मालक साठीच्या पुढचे आहेत आणि सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मी इंजिन बदलण्याचा विषय काढताच त्यांनी बॉनेटकडे पाहिलेही नाही, ते खाली वाकून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने हात घालून आले, बोटाला लागलेला ओला काळा थर मला दाखवला आणि अहिराणीत म्हणाले, "ताई, पहिले गाडी थांबाले जोयजे, मंग पयाले." म्हणजे आधी गाडी थांबली पाहिजे, मग पळायला हवी. तो थर गळक्या व्हील सिलिंडरमधून (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या भागातून) झिरपलेल्या ब्रेक ऑइलचा होता.

या गॅरेजची मला सर्वांत मोलाची वाटलेली सेवा म्हणजे दोन दिवसांची पूर्ण तपासणी. तिचे त्यांनी माझ्याकडून साडेतीन हजार रुपये घेतले. तपासणीनंतर काम त्यांच्याकडेच केले पाहिजे असे बंधन नाही. चारही चाके काढतात, गाडी खड्ड्यावर घेऊन खालून पाहतात, टाकीतले पेट्रोल बाटलीत काढून ठेवतात, दिव्यांपर्यंत वीज किती पोहोचते ते मीटरने मोजतात आणि शेवटी एका फुलस्केप कागदावर हाताने लिहून देतात. माझ्या कागदावर सर्वांत वर ब्रेकचे काम होते, आणि ते झाल्यावाचून गाडी हलवायची नाही, असे त्यांनी लाल पेनने लिहिले होते, आणि इंजिन त्या कागदावर सर्वांत खाली होते.

घाटात पेडल का बसले याचे कारण त्यांनी मला ज्या पद्धतीने समजावले, ती पद्धत मी अजून विसरलेले नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि जसजसे पाणी वाढते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. पाणी मुरलेल्या अवस्थेत तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने एवढी उष्णता सहज निर्माण होते, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि वाफ दबते म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. गाडी निवली की वाफ पुन्हा द्रव होते आणि पेडल पूर्वीसारखे लागते. माझ्या गाडीतून काढलेले ऑइल चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे तपकिरी होते. शेजारी त्यांनी डॉट ४ ची नवी बाटली फोडून ठेवली, तिच्यातले ऑइल फिकट पिवळे, जवळजवळ पाण्यासारखे स्वच्छ दिसत होते.

त्यानंतर त्यांनी पुढच्या चाकाचा रबरी होज पाइप कापला. बाहेरून तो पाइप ठणठणीत दिसत होता, त्यावर एकही चीर नव्हती. पण कापलेले तोंड उजेडात धरल्यावर आतले रबर फुगून भोक शिवणकामाच्या सुईएवढे उरल्याचे दिसले. असा पाइप पेडलच्या जोराने ऑइल पुढे जाऊ देतो, पण पाय काढल्यावर ते लवकर परत येऊ देत नाही, त्यामुळे चाक किंचित धरलेलेच राहते आणि तापत राहते. कन्नडच्या घाटात नेमके हेच दोन दोष एकत्र आले होते. मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर देणारा भाग), व्हील सिलिंडर, सगळे होज पाइप, मागचे ब्रेक शू आणि ड्रमचे टर्निंग, हे सगळे काम मिळून सत्तावीस हजार रुपयांत झाले. ज्या रकमेत मी म्युझिक सिस्टीम घेतली होती, तिच्यापेक्षा ही रक्कम फार मोठी नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

टायरबाबत वेगळे समजावण्याची गरज पडली नाही, कारण त्यांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे मला स्वतः वाचायला लावले. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. माझ्या टायरवर १४१२ होते, म्हणजे २०१२ सालचा चौदावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल होती आणि म्हणूनच मी ते कधी बदलण्याचा विचार केला नव्हता. मूळ मापाचे रेडियल टायर बसवले आणि मोठ्या अलॉय चाकांचा माझा बेत त्यांनी बाजूला ठेवायला लावला. जुन्या सस्पेन्शनचे रबर बुश आणि बॉल जॉइंट बदलल्याशिवाय रुंद चाके घातली तर स्टीअरिंग जड होते आणि खड्ड्यांचा मार थेट सांध्यांवर बसतो, असे त्यांचे कारण होते. मला ते पटले.

पेट्रोलची वाट हा विषय मी त्यांच्याकडे जाईपर्यंत माझ्या मनातही नव्हता. आता पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि नव्वदच्या दशकातील गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचे पडदे आणि कार्बोरेटरमधील वायसर हे इथेनॉलचा विचार करून बनवलेले नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज वाढतो. माझ्या टाकीतून काढलेल्या बाटलीच्या तळाशी एक बोट जाडीचा विटकरी गाळ बसला होता. त्यांनी टाकी उतरवून आतून साफ केली, इंजिनपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप इथेनॉल सोसणारा बसवला आणि कार्बोरेटरचा दुरुस्ती संच बदलला. गरम इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पडणे म्हणजे काय हे सांगायला नको, आणि तरीही जुन्या गाडीचे काम करणाऱ्यांपैकी किती जण या पाइपांकडे सर्वांत आधी पाहतात, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

वायरिंगमध्ये उंदरांनी केलेले नुकसान डोळ्यांना दिसत होते. पण न दिसणारा दोष अधिक महत्त्वाचा निघाला. माझ्या गाडीत हेडलाइटची सगळी वीज डॅशबोर्डच्या बटणातून फिरून दिव्यांपर्यंत जात होती. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे चौदा व्होल्ट होते आणि दिव्याच्या टोकाला मोजले तर साडेअकरा. वाटेतल्या जुन्या, बारीक आणि गंजलेल्या तारांनी उरलेले खाऊन टाकले होते. व्होल्टेज थोडे कमी झाले तरी हॅलोजन दिव्याचा प्रकाश त्याहून कितीतरी अधिक मंदावतो, म्हणून माझी गाडी रात्री पिवळट काजव्यासारखी चालत होती. आधीच्या गॅरेजने यावर उपाय म्हणून शंभर वॉटचे दिवे सुचवले होते. तसे केले असते तर तेच बटण वितळले असते. आप्पांच्या वायरमनने दोन रिले (बटणातल्या थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच), स्वतंत्र फ्यूज आणि जाड तार टाकून बॅटरीतून थेट जोडणी दिली आणि कायदेशीर साठ-पंचावन्न वॉटचेच दिवे ठेवले. पारोळ्याहून अमळनेरकडे जाणाऱ्या अंधाऱ्या रस्त्यावर बिनदिव्यांची उसाची किंवा कापसाची ट्रॉली आता वेळेत दिसते, एवढा फरक पडला आहे.

खान्देशात जुनी गाडी चालवायची तर कूलिंगचा विचार इंजिनच्या आधी करावा लागतो, याबद्दल मला आता शंका नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो, डांबर त्याहून तापलेले असते, आणि ही गाडी ज्या इंग्लंडच्या आराखड्यावर बेतली तेथील उन्हाळा आपल्या हिवाळ्यासारखा असतो. माझा रेडिएटर त्यांनी उघडला तेव्हा वरच्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरा, कडक थर जमला होता, बोअरच्या पाण्यात वापरलेल्या हीटरच्या कॉइलवर जमतो तसाच. वर्षानुवर्षे शेतातल्या बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतल्याचा तो परिणाम होता, आणि ते आमच्याच घरच्यांनी ओतले होते. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) कोणीतरी काढून टाकलेला होता आणि पंख्याभोवतीचे आवरणही जागेवर नव्हते. थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहते हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. प्रत्यक्षात तुंबलेला रेडिएटर त्याने मोकळा होत नाही, आणि हिवाळ्यात मात्र इंजिन योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त जाते व तेल लवकर खराब होते. आवरण नसल्यामुळे सिग्नलला किंवा गर्दीत पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा फिरवत राहतो. रेडिएटरचा कोअर नवा भरून घेतला, थर्मोस्टॅट बसवला, पत्र्याचे आवरण गॅरेजमध्येच बनवले आणि शुद्ध पाणी व कूलंट निम्मे निम्मे भरले. मे महिन्यात भर दुपारी एक वाजता एसी नसलेली ही गाडी मी धुळ्याहून जळगावला नेली. एरंडोलजवळच्या कोंडीत पाऊण तास उभे राहावे लागले, तरी काटा मध्याच्या वर गेला नाही.

एवढे झाल्यावर इंजिनचा विषय आला. आप्पांनी चारही सिलिंडरमधला दाब मोजला. तो १४५ ते १५५ पीएसआयच्या दरम्यान होता आणि चारही आकडे एकमेकांच्या जवळ होते. अशा इंजिनला हात लावणे म्हणजे चांगल्या दाताला कीड लागली असे समजून तो उपटणे होय, असे ते म्हणाले. त्यांनी फक्त व्हॉल्व्ह क्लिअरन्स, प्लग आणि इग्निशनचे काम केले. डिझेल इंजिन बसवण्याबाबत त्यांनी मला आधी आरटीओ कार्यालयात चौकशी करायला पाठवले, आणि त्याबद्दल मी त्यांची विशेष ऋणी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलणारा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांविरुद्ध स्पष्ट निर्णय दिला आहे. जुन्या वाहनांना व्हिंटेज म्हणून मिळणारी स्वतंत्र नोंदणी २०२१ पासून उपलब्ध असली, तरी तिच्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटावी लागतात आणि गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणजे देशातील कोणत्याही कॉन्टेसाला ती २०३४ च्या आधी मिळणार नाही, आणि ज्यांनी इंजिन बदलले आहे त्यांना तेव्हाही अडचण येईल.

अमेरिकेतल्या मूळ मसल कारबद्दल वाचताना मला हाच क्रम तेथेही दिसला. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओमध्ये ६.४ लिटरचे, सव्वातीनशे अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन होते आणि ते थांबवायला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ब्रेक ऑइलचा मार्ग दोन स्वतंत्र भागांत ठेवणे तेथे १९६८ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जात असे. म्हणून आज अशा गाड्या आधुनिक करणारे जाणकार कारागीरही दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढच्या डिस्क ब्रेकपासून सुरुवात करतात आणि नवे इंजिन, फ्यूएल इंजेक्शन वगैरे नंतर घेतात. पारोळा रोडच्या गॅरेजमध्ये लाल पेनने लिहिलेला क्रम आणि हा क्रम सारखाच आहे.

आता उणिवांबद्दल. पहिली आणि सर्वांत त्रासदायक उणीव वेळेची आहे. पाच आठवडे सांगितले होते, अकरा लागले. त्यातले काही दिवस सुट्या भागांच्या शोधात गेले हे मला मान्य आहे, पण कापसाच्या हंगामात पिकअप आणि ट्रॅक्टर आले की माझी गाडी मागे ढकलली जाते हे मी स्वतः पाहिले. फोन केल्याशिवाय ते स्वतःहून काही कळवत नाहीत. दुसरे म्हणजे दाराखालच्या पत्र्याला आतून लागलेला गंज तपासणीत सुटला; नव्या रंगाखाली तो झाकला गेला होता हे खरे, तरी खड्ड्यावर गाडी घेऊन पाहणाऱ्यांच्या नजरेला तो यायला हवा होता, आणि पावसाळ्यानंतर फोड आल्यावर मला तो वेगळ्या ठिकाणी दुरुस्त करावा लागला. व्हील अलाइनमेंटचे यंत्र त्यांच्याकडे नाही, त्यासाठी गाडी दुसरीकडे न्यावी लागते. मागच्या सीटचे पट्टे मी आग्रह धरल्यावर बसवले. मुले घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत ते कागदावर ब्रेकच्या लगोलग खाली असायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. बिलाच्या बाबतीत मात्र तक्रार नाही. प्रत्येक सुट्या भागाची पावती मिळते आणि काढलेले जुने भाग पोत्यात भरून गाडीच्या बूटमध्ये ठेवलेले असतात, कापलेल्या होज पाइपसह.

मला तपासणी धरून एकूण एक लाख अठरा हजार रुपये खर्च आला, त्यात टायर समाविष्ट आहेत. ज्यांना केवळ चकाचक रंग, मोठी चाके किंवा वेगळे इंजिन हवे आहे त्यांचे या गॅरेजशी जमणार नाही, कारण आप्पा आधी कागद लिहितात आणि कागदावरचे पहिले काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाहीत. जुनी अँबॅसेडर, पद्मिनी किंवा कॉन्टेसा घरी उभी असलेल्यांनी मात्र रंगाऱ्याकडे जाण्याआधी येथे जाऊन यावे. हंगामाची गर्दी टाळून मार्च ते जून या महिन्यांत जाणे सोयीचे पडते. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी स्वतः चालवत नेऊ नये. त्यांच्या ओळखीचा टोइंग ट्रक आहे, आणि अमळनेरहून त्याने माझ्याकडून साडेतीन हजार रुपये घेतले होते.

गेल्या महिन्यात मी आईला घेऊन पुन्हा कन्नडचा घाट उतरले. दुसऱ्या गिअरमध्ये, मध्ये मध्ये ब्रेक लावत आम्ही खाली आलो आणि चाळीसगावला चहासाठी थांबल्यावर मी चारही चाकांजवळ हात धरून पाहिले. चारही सारखीच कोमट होती.